ट्रूडीचं क्राउट

बाल्टिमोर, २ ऑक्टोबर १९९४

ट्रूडी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर न उघडताच फेकशील, म्हणून पत्ता स्टॅशभावजींकडून लिहून घेतला आहे. आता फसून उघडलंच आहेस तर वाच.

मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं ऐकतो कोण. तुला पिट्सबर्गला जाऊन तीन वर्षं झाली. त्यात मी तुला नाताळची तीन कार्डं पाठवली आणि तुझ्याकडून एका ओळीचंही उत्तर नाही. तू आणि लेनी कोर्टात गेलात, सह्या केल्यात, गाडी कुणाची, टोस्टर कुणाचा, सगळं वाटून घेतलंत. सासू कुणाच्या वाट्याला, हे कुणी विचारलंच नाही. असो. भांडायला लिहीत नाही, कामासाठी लिहिते आहे.

लेनी पुन्हा लग्न करतो आहे, इस्टर झाल्यावर. मुलीचं नाव डार्लीन. खाली जॉर्जियाची आहे. बोलते इतकी सावकाश की तिचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी निम्मी भांडी विसळून होतात. यंदा थँक्सगिव्हिंगला ती आपल्या टेबलाशी बसणार, आणि तिनं मला विचारलं की टर्कीबरोबर मी काय करून आणू. इथं घोडं अडलं.

आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे, पण तू विसरल्याचं सोंग करशील म्हणून पुन्हा लिहिते. पाहुण्यानं हवं ते आणावं. घरच्या माणसाला मात्र घरातलाच एक पदार्थ मिळतो आणि तो मरेपर्यंत त्याचा. टर्की आणि तिच्या पोटातलं पावाचं सारण माझं. थोरल्या एडशी लग्न होऊन पेग आली त्या वर्षापासून कुस्करलेले बटाटे तिचे, गुठळ्यांसकट. सलगम स्टॅशभावजींचं. माझा नवरा गेला तेव्हा भावाचा मान म्हणून ते त्यांनी घेतलं आणि तेव्हापासून आम्ही सगळे ते मुकाट्यानं गिळतो आहोत. क्रॅनबेरीची जेली लेनीची. म्हणजे तो डबा उघडतो, बशीत उपडा करतो, आणि डब्याच्या रेघा अंगावर घेऊन तो लाल गोळा उभा राहिला की जणू स्वतः रांधल्यासारखा सगळ्यांकडे बघतो.

आणि आंबवलेल्या कोबीचं क्राउट तुझं. माझ्या सासूबाईंनी ते तुला स्वतः दिलं, तुझ्या पहिल्याच वर्षी, कारण तू लोकस्ट पॉइंटच्या जर्मन घरातली आणि कोबी आंबवायची बरणी माहेरून कडेवर घेऊन आली होतीस. सासूबाई सांगून गेल्या आहेत की पदार्थ दुसऱ्याला द्यायचाच झाला तर ज्याचा आहे त्यानंच द्यायचा, आपल्या तोंडानं शिकवून. बाकीच्यांनी परस्पर वाटून टाकायचा नाही.

तर आता सगळे म्हणतात, क्राउट डार्लीनला द्या. तीन वर्षं टर्कीशेजारी क्राउट नाही, लोकांना सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, ते माझं नाही, ट्रूडीचं आहे. त्यावर लेनी म्हणाला, ‘आई, ट्रूडी आता आपली कुणी लागत नाही.’

मी त्याच्या पुढ्यातला केक उचलून आत ठेवून आले.

तेव्हा दोनातलं एक कर. नाहीतर ये आणि नेहमीसारखं क्राउट कर, नाहीतर ये आणि आपल्या तोंडानं तिला दे. दोन्हींत यावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं आहे.

लॉटी

ता. क. तुझी बरणी आमच्या तळघरात आहे. पोस्टानं पाठवणार नाही, फुटेल. येऊन घेऊन जा.


बाल्टिमोर, १७ ऑक्टोबर

ट्रूडी,

तुझं कार्ड मिळालं. ‘देऊन टाका तिला.’ वर माझं नाव नाही, खाली तुझं नाव नाही. पिट्सबर्गात शाई महाग झाली आहे का? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यावरूनच म्हणत असतील.

आणि असं चालत नाही. कार्डावरून दिलेला पदार्थ मी मानत नाही. सासूबाईंनी मानला नसता.

आता तुला जे सांगते ते कुणालाही सांगायचं नाही. मी क्राउट घातलं आहे. तुझ्या बरणीत. तुझा पदार्थ चोरला म्हणून ओरडू नकोस, मी फक्त राखण करते आहे. स्टॅशभावजींनी बाजारातून कोबीचे गड्डे आणून दिले. त्यांना वाटलं मी सूप करणार आहे. ‘वहिनी, एवढं सूप पिऊन तुम्ही फुटाल,’ म्हणाले. कोबी चिरून चिरून माझा खांदा भरून आला. तू करायचीस तेव्हा मी स्टुलावर बसून चर्चमधल्या बायकांची उणीदुणी काढत असायचे, तुझ्या हातांकडे नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं. मीठ अंदाजानं घातलं. पाणी सुटेपर्यंत मुठीनं दाबलं, वर पानं घातली, पानांवर ताटली, ताटलीवर दगड. काल कान लावला तर आत बुडबुडे येत होते. मी तळघरात एकटीच, बरणीला कान लावून उभी. कुणी बघितलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून बोंब झाली असती.

हे मीठ कमी आहे की जास्त, ते तुला विचारत नाही. तू काही उत्तर देणार नाहीस. पण कुणी सांगितलं तर ऐकेन.

डार्लीनबद्दल लिहू का? नको म्हणालीस तरी लिहिणार. मला तिचा राग यायला हवा होता. मी तयारी करून बसले होते. पण ती पहिल्याच दिवशी आली आणि मला न विचारता बादली घेऊन बाहेरच्या पांढऱ्या पायऱ्या घासायला बसली. तुला ठाऊक आहे, या गल्लीत पायऱ्यांवरून माणूस ओळखतात. पेग माझ्या कानाशी लागली, ‘आई, पोरगी चांगली आहे हो.’

मी म्हटलं, ‘दिसतंय मला. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे, उजवा शाबूत आहे.’

लेनी तिच्यापुढे हसतो. तुमच्या शेवटच्या वर्षात तो कधी हसलेला मला आठवत नाही आणि तूही नाही. तेव्हा तुमचं मोडलं ते बरंच झालं, हे मला कळतं. मी त्याचं तुझ्याशी पुन्हा जमवायला निघालेली नाही.

मग मला काय हवंय, असं विचारशील. सांगते, लाजत नाही. तुम्हाला मूल असतं तर त्याच्या वाढदिवसाला तू आली असतीस, मी फोन केला असता, काहीतरी धागा राहिला असता. तसं काही नाही. या घरात तुझं नाव निघतं ते वर्षातून एकदा, क्राउटवरून. स्टॅशभावजी दर वर्षी विसरतात आणि भर पंगतीत विचारतात, ‘क्राउट कुठंय?’ मग पेग त्यांना कोपरानं ढोसते आणि मी म्हणते, ‘ट्रूडी नाहीये यंदा.’ ते क्राउटसुद्धा दुसरीला देऊन टाकलं की तेवढंही म्हणायला निमित्त उरणार नाही. मला ते नको आहे. मला तू टेबलाशी हवी आहेस. झालं लिहून.

लॉटी


बाल्टिमोर, ५ नोव्हेंबर

मिस ट्रूडी,

तुम्हाला पत्र लिहायचा मला काही अधिकार नाही हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही हे वाचल्यावाचल्या फाडलंत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मी डार्लीन टटल; आमच्या जॉर्जियात वडीलधाऱ्या बायकांना मिस म्हणतात, म्हणून तसं लिहिलं. लेनीशी माझं लग्न ठरलं आहे. माझी आई म्हणते, ज्याचं सांडलं त्याला आधी सांगावं, मग पुसायला घ्यावं. म्हणून सांगते आहे.

परवा मिस लॉटी चर्चमध्ये बिंगो खेळायला गेल्या होत्या. थँक्सगिव्हिंगला खुर्च्या कमी पडणार म्हणून घडीच्या खुर्च्या काढायला मी त्यांच्या तळघरात उतरले. उतरतानाच वास आला. आमच्या गावी घराखाली मांजराएवढा एक पोसम मरून पडला होता तेव्हा असा वास आला होता. शोधता शोधता जिन्याखाली एक मोठी बरणी सापडली. फडकं काढलं तर आत पांढरी साय धरलेली, खाली काहीतरी पिवळं, वर दगड. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईंच्या लक्षातून राहून गेलं असेल आणि खराब झालं असेल. त्यांना लाज वाटू नये म्हणून मी कुणाला बोलले नाही. सगळं नेऊन मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात ओतलं, बरणी ब्लीच घालून घासली, तीन वेळा धुतली आणि अंगणात उन्हात पालथी घातली. मनातल्या मनात मी स्वतःवर खूशसुद्धा होते.

मिस लॉटी आल्या. त्यांनी बरणी बघितली आणि डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता मागच्या पायरीवर बसल्या.

मी म्हटलं, ‘मिस लॉटी, काळजी करू नका, मी सगळं साफ केलंय. त्यात काहीतरी मेलं होतं.’

‘नाही गं,’ त्या म्हणाल्या. ‘जिवंत होतं. म्हणून तर वास येत होता.’

मग त्या हसल्या. खूप हसल्या, डोळे पुसेपर्यंत. मी म्हटलं, तुमचं नुकसान मी भरून देईन, काय होतं तेवढं सांगा. तर म्हणाल्या, ‘माझं नव्हतंच ते. ट्रूडीचं होतं.’ आणि आत जाऊन कोरड्या ठणठणीत बशा फडक्यानं पुसत उभ्या राहिल्या. संध्याकाळभर माझ्याशी वाईट वागल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. त्या बोलत नाहीत म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पदार्थांच्या वाटणीचं सगळं मला पेगनं नंतर सांगितलं. मिस ट्रूडी, देवाशपथ सांगते, मला तुमचा पदार्थ नको आहे. टर्कीबरोबर आंबवलेला कोबी खातात हे मी या शहरात येईपर्यंत ऐकलंही नव्हतं. मी फक्त ‘काय आणू’ म्हणून विचारलं होतं. आमच्याकडे सगळे विचारतात. मी मॅकरोनी आणायला तयार आहे, पाव आणायला तयार आहे, नुसतं बसायला सांगितलं तर बसायला तयार आहे.

पण जे मी ओतलं ते मला परत करायचं आहे. थँक्सगिव्हिंगला तीन आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. एवढ्या दिवसांत ते होतं का? होत असेल तर कसं, ते मला सांगाल का? खाली माझा फोन नंबर लिहिते. कामावरून मी साडेपाचला घरी येते.

तुमची आभारी,
डार्लीन


बाल्टिमोर, १४ नोव्हेंबर

ट्रूडी,

माझ्याशी तीन शब्द आणि तिच्याशी दीड तास! आणि तोही लांबच्या फोनवर, मिनिटाच्या दरानं!

डार्लीननं मला सगळं सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, हा गुण की अवगुण ते अजून ठरवलेलं नाही. आधी तिनं तुला पत्र लिहिलं ते सांगितलं. मी रागवायला तोंड उघडलं तर म्हणाली, ‘मिस लॉटी, नुकसान त्यांचं झालं होतं, म्हणून त्यांना लिहिलं.’ म्हणणं तिचं बरोबर होतं.

मग म्हणाली, त्यांचा फोन आला होता. मी म्हटलं, काय म्हणाली ट्रूडी? तर म्हणे सुरुवातीला त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हसत होत्या. ब्लीचवर आल्या की पुन्हा हसत होत्या. ट्रूडी, तुझं हसणं ऐकायला मी काय दिलं नसतं, आणि ते गेलं त्या जॉर्जियावालीच्या कानात.

तू सांगितलंस तसं तिनं सगळं केलं आहे. मोठी बरणी बाजूला, काचेच्या लहान बरण्यांत भरून बॉयलरच्या मागे उबेला ठेवलं आहे, म्हणजे लवकर होईल. मीठ तिनं काट्यावर तोलून घेतलं. माझ्या अंदाजापेक्षा निम्मं निघालं, म्हणजे तिनं माझं ओतलं ते देवानंच ओतवलं. कामावरून येते ती थेट तळघरात जाते. रोज एक चमचा चाखते, तोंड वाकडं करते आणि वर येऊन सांगते, ‘कालच्यापेक्षा बरं.’ शिजवताना डुकराच्या मानेची हाडं, एक सफरचंद, चिमूटभर शहाजिरं, हे मला कधीच सांगितलं नव्हतंस. मी विचारायचे तर म्हणायचीस, ‘तुमच्यासाठी नाही ते.’ तिला बरं सांगितलंस.

आणि शेवटी तू तिला म्हणालीस, आता हे तुझं.

तिनं हे मला सांगितलं तेव्हा ती रडत होती. मी नाही रडले. मी जिन्याचा कठडा धरून उभी होते, गुडघ्यांमुळे. सासूबाईंच्या नियमाप्रमाणे सगळं रीतसर झालं. आपल्या तोंडानं शिकवलंस, आपल्या तोंडानं दिलंस. मला बोट ठेवायला जागा ठेवली नाहीस. क्राउट आता डार्लीनचं आहे आणि ते मी मानते.

तू हुशार आहेस. तुला वाटलं, पदार्थ गेला म्हणजे बोलावणंही गेलं. म्हातारी आता गप्प बसेल.

मीही काही कमी नाही. चार दिवस सारण ढवळावं तसं डोकं ढवळलं आणि मग मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या दोरीला लोंबकळत होते. पदार्थ कुणाला लागतो, ट्रूडी? पुरुषांनी मान म्हणून घेतलेलं सोड, खरा लागतो तो सुनेला. पेगला लागला, तुला लागला, आता हिला लागेल. परक्या घरातून आलेल्या पोरीला या टेबलाशी आपली जागा वाटावी म्हणून सासूबाईंनी ही युक्ती काढली होती. मला तीन मुलगे झाले, एक लहानपणीच गेला, मुलगी झाली नाही. झाली असती तर तिला मी बटाटे सोलून आण, कोबी आंबवून आण असं सांगितलं असतं का? मुलगी माहेरी येते ती हात हलवत येते. बसते, खाते, आईला दोन शब्द सुनावते आणि जाताना डबे भरून नेते.

तर तशी ये. रिकाम्या हातानं ये. काही आणलंस तर दारातून परत पाठवीन.

लेनीला विचारलं आहे. त्याच्या पाठीमागे करत नाही काही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून जपून विचारलं. बुटाची नाडी बांधत म्हणाला, ‘येऊ दे की, आई. ती नसली की माझ्या डब्याच्या क्रॅनबेरीला नावं ठेवायलाही कुणी नसतं.’ डार्लीनला विचारलं. ती म्हणाली, ‘मला त्यांची भीती वाटते. पण त्या आल्या नाहीत तर मला वाटेल माझ्यामुळे आल्या नाहीत, आणि ते मला जन्मभर पुरेल.’ बाकी पेग आणि एडला विचारायची गरज नाही. स्टॅशभावजींना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे, ती गेली होती?’

तुझं आणि लेनीचं मोडलं, ते तुमचं तुम्ही बघितलंत. पण तुझं आणि माझं कधी मोडलं? कोणत्या कोर्टात? मला तर कुणी सही करायला बोलावलं नाही.

एकवीस वर्षं तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस. मला तुझी आठवण येते. दुसरं काही कारण नाही.

लॉटी


पिट्सबर्ग, १९ नोव्हेंबर

बुधवारी चारच्या बसनं येते. घ्यायला येऊ नका, रस्ता माहीत आहे. सोफ्यावर झोपेन. काही आणत नाहीये. बसमध्ये मांडीवर भांडं नसलं तर हात कुठं ठेवायचे ते मला कळणार नाही, पण आणत नाहीये.

ट्रूडी


बाल्टिमोर, २७ नोव्हेंबर

ट्रूडी,

नीट पोचलीस ना? टर्कीचे डबे गळले नाहीत ना? ग्रेव्हीच्या डब्याला मी दोन रबर लावले होते, पण एडनं पिशवी गाडीत आडवी टाकलेली मला दिसली. सारण आधी संपव. पेगचे बटाटे दुसऱ्या दिवशी थोडं दूध घालून गरम कर, म्हणजे गुठळ्या मऊ होतात.

जेवणाचं तुला काय सांगायचं, तू होतीसच. पण डार्लीनचं क्राउट तू तोंडात घातलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघत काट्यानं रिकामी बशी टोचत होते, हे तुला दिसलं नसेल. ती बिचारी हातात वाढायचा चमचा धरून उभी होती, डावीकडे लेनी, उजवीकडे जॉर्जियाहून आलेली तिची आई, आणि तू शांतपणे चावत होतीस. किती वेळ चावलंस गं? कोबी होता तो, बूट नव्हता. मग तू म्हणालीस, ‘सफरचंद जास्त झालंय. पुढच्या वर्षी अर्धंच घाल.’ ‘पुढच्या वर्षी’ म्हणालीस आणि पोरीचा चेहरा असा फुलला की मला वाटलं चमचा टाकून तुला मिठी मारते आता. त्यावर तिच्या आईनं, ओपलबाईंनी, क्राउट हुंगून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘डार्लीन, बाळा, ही भाजी विटली आहे.’ लेनी हसता हसता क्रॅनबेरीच्या बशीत कोपर बुडवून बसला. तीन वर्षांत त्या टेबलाशी असं हसणं झालं नव्हतं.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. जेवणात एक गोष्ट घडली तेव्हा तू नव्हतीस. ग्रेव्ही संपली आणि तू सवयीनं उठून आत गेलीस, तेव्हाची.

ओपलबाई ऐंशीच्या पुढच्या. सकाळपासून सगळ्यांची नावं त्यांना सांगितली होती, पण त्या नावावर समाधान मानणाऱ्यांतल्या नाहीत. जॉर्जियात म्हणे माणूस कोण ते विचारत नाहीत, कुणाचं ते विचारतात. एड कुणाचा, पेग कुणाची, स्टॅशभावजी कुणाचे, सगळं एकेक करून त्यांनी लावून घेतलं होतं. तू आत गेलीस आणि त्या दाराकडे बघत म्हणाल्या, ‘ती उंच पोरगी. ग्रेव्ही आणायला गेली ती. ती कुणाची?’

सगळ्यांचे काटे थांबले. पेग आपल्या बटाट्यांकडे बघायला लागली. एडनं पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलाच नाही. लेनी कानापर्यंत लाल झाला, त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडणार ते त्यालाही माहीत नव्हतं. डार्लीननं आईचा हात धरला, ‘मामा, ते नंतर सांगते.’ पण ओपलबाई ऐकतात थोडंच. कुणी उत्तर देईना म्हणून त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

तुला माहीत आहे, मला बोलायला कधी शब्द कमी पडत नाहीत. तेव्हा एकच सुचला. मी म्हटलं, ‘माझी.’

ओपलबाईंना कमी ऐकू येतं. त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाल्या, ‘काय म्हणालात?’

म्हणून मला ते पुन्हा म्हणावं लागलं, चांगलं ओरडून. ‘माझी! ती माझी आहे!’ शेजारच्या घरातसुद्धा ऐकू गेलं असेल, मधली भिंत एकच आहे.

‘अच्छा,’ ओपलबाई म्हणाल्या आणि पुन्हा खायला लागल्या. त्यांचं समाधान झालं.  पेग नाक पुसत होती. लेनीनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, हळूच, लहानपणी औषध घ्यायला तयार व्हायचा तशी.

तेवढ्यात तू ग्रेव्ही घेऊन आलीस. सगळ्यांना गप्प बघून दारातच थांबलीस आणि म्हणालीस, ‘काय झालं? मी काही चुकले का?’ आणि आम्ही सगळे एकदम म्हणालो, ‘काही नाही, काही नाही, बस तू.’ तुझा चेहरा उतरलेला मी बघितला. तुला वाटलं, मी आत गेले तेवढ्यात हे माझ्याबद्दल काहीतरी बोलत होते.

बोलत होतो. काय, ते वर लिहिलं आहे.

आई